मुराळीचा तिसरा भाग

आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी बाजू घ्यायला नको. त्या मुलीनं माझं काहीही वाकडं केलं नव्हतं. उलट ती माझ्याशी चांगलीच वागायची, आणि याचाही मला राग यायचा. दीड वर्ष मी तिच्यावर जळत होते. तिच्या अक्षरावर, तिच्या इंग्रजीवर, दप्तराच्या चेनला लावलेल्या लोकरीच्या गोंड्यावर. एवढं जळूनही माझं वजन काही कमी झालं नाही, असं आई म्हणायची.

बाबांचं हिंगोलीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. आई दवाखान्यात आया होती आणि संध्याकाळी उशिरा सुटायची, म्हणून शाळा सुटली की मी दुकानातच. एका वर्षी दसऱ्याच्या प्रदर्शनात आलेल्या एका स्टॉलवाल्यानं व्हिडिओ गेमचं मशीन दुरुस्तीला टाकलं. बाबांनी ते दोन दिवसांत चालू केलं, पण प्रदर्शन उठलं आणि स्टॉलवाला परत आलाच नाही. वर्षभर बाबांनी ते कपड्यात गुंडाळून वर ठेवलं. मग एकदा दुरुस्त झालेला टीव्ही तपासायला म्हणून ते जोडलं, आणि त्या दिवसापासून आमच्या दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा पोरंच जास्त झाली.

मशीनबरोबर एकच कॅसेट होती. पडद्यावर वरून बघितल्यासारखं एक रान दिसायचं, त्यात झाडं, ओढे, गुहा, आणि मधे तलवार घेतलेला एक छोटा माणूस. गुहेत गेलं की एक म्हातारा भेटायचा आणि पडद्यावर अक्षरं उमटायची. ती अक्षरं कुणालाच वाचता यायची नाहीत. आम्ही त्यांना चिनी म्हणायचो. ती जपानी होती हे मला फार पुढे कळलं.

पोरांनी बाबांना विचारलं, "काका, ह्यो म्हतारा काय सांगून राहिला?" बाबा टीव्हीच्या मागे डोकं घालून बसले होते. ते तिथूनच म्हणाले, "आमच्या पोरीला इचारा. इंग्लिश वाचती ती."

मी पडद्याकडे पाहिलं. ती इंग्रजी नव्हतीच, हे मला पहिल्याच अक्षराला कळलं. पण दहा-पंधरा पोरं माझ्या तोंडाकडे बघत होती. शाळेत मी तिसऱ्या बाकावर बसणारी, बाईंना नाव आठवायला वेळ लागायचा अशी मुलगी. माझ्या तोंडाकडे एवढी माणसं कधी बघत बसली नव्हती.

"हा मुराळी आहे," मी म्हणाले.

पंचमी आली की भाऊ बहिणीच्या सासरी जातो आणि तिला माहेरी घेऊन येतो, तो मुराळी. माझ्या मनात ते यायला कारण होतं. पुसेगावच्या आत्याला आणायला दर वर्षी बाबाच जायचे, आणि त्याच वर्षी मीही त्यांच्यासोबत एसटीनं गेले होते. आत्याच्या सासूनं आम्हाला चहा पाजला आणि "खुरपणी उरकल्यावर या" म्हणून रिकामं परत पाठवलं. आत्या दाराआडून बघत होती. 

म्हणून मग पडद्यावरचा तो माणूस बहिणीला आणायला निघाला. गुहेतला म्हातारा त्याचा बाप, पायानं अधू, म्हणून स्वतः जाऊ शकत नाही, दिवा देऊन पोराला पाठवतो. सात किल्ले म्हणजे सात अडवणुका. प्रत्येक किल्ल्याच्या शेवटी जो मोठा राक्षस यायचा त्याला मी दीर म्हणून टाकलं. शेवटच्या किल्ल्यात सासू. पोरांना हे इतकं पटलं की दुकानात नुसता गलका चालायचा, "दीर आला, दीर आला, मागं सर!" गेमचं खरं नाव कुणी विचारलंच नाही. आमच्या गल्लीत तो गेम 'मुराळी' झाला. टीव्हीच्या उजव्या हाताला एक लोखंडी स्टूल होतं, ते माझं. खेळणारा बदलायचा, स्टुलावरची मी बदलायची नाही. कुणी माझ्याशिवाय खेळायला बसला तर बाकीचे म्हणायचे, "थांब की, तिला येऊ दे, काय बोलून राहिले ते कळायला नगं का?"

त्या कॅसेटमध्ये खेळ साठून राहत नसे. वीज गेली की मुराळी पुन्हा पहिल्या झाडाखाली. आणि आमच्याकडे वीज जायची म्हणजे जायचीच. चौथ्या किल्ल्याच्या पुढे कुणी कधी गेलं नाही. पोरं लोडशेडिंगला शिव्या घालायची, मी मनातून आभार मानायची. शेवट कुणी पाहिलाच नाही तर माझी गोष्ट खोटी कोण पाडणार?

मतभेद तेव्हाही होते. आमचा टीव्ही काळा-पांढरा. मुराळीच्या अंगरख्याचा रंग कोणता यावरून दोन पोरांनी एकमेकांची गचांडी धरली होती. एक म्हणे निळा, एक म्हणे भगवा. पुढे कुणाचा तरी रंगीत टीव्ही दुरुस्तीला आला तेव्हा तो मातकट निघाला आणि दोघंही आठवडाभर दुकानात आले नाहीत. मग बाबांनी नांदेडहून दुसरा भाग आणला. त्यात मुराळी बाजूनं दिसायचा आणि उड्या मारायचा. सगळ्यांनी एकमुखानं तो भाग नापास केला. एकच माणूस त्याच्या बाजूनं होता, कळमनुरी फेरीचा एसटी कंडक्टर. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात तो खाकी शर्टाची वरची गुंडी सोडून यायचा, एक किल्ला खेळायचा आणि जायचा. "पयल्या भागात चालून चालूनच जीव जातो," तो म्हणायचा. "दिवसभर गाडीत उभाच ऱ्हातो मी. ह्या भागात गडी पटकन सासरी पोचतो." दुसऱ्या भागाची यापेक्षा चांगली बाजू मी आजपर्यंत कुणाकडून ऐकली नाही.

मग हिंगोली जिल्हा झाला. परभणीला जाऊन करायची कामं इथेच व्हायला लागली, नवी कार्यालयं उघडली, नवे साहेब आले, आणि साहेबांबरोबर त्यांची मुलंबाळं. ती आमच्या वर्गात आली नववीच्या मधेच. औरंगाबादहून. आम्ही तिला औरंगाबादवाली म्हणायचो. पहिल्याच दिवशी बाईंनी तिला इंग्रजीचा धडा वाचायला लावला. अडखळणं नाही, बोट ठेवून वाचणं नाही. बाई म्हणाल्या, "ऐकलंत? असं वाचायचं असतं." तेव्हापासूनच मी जळायला लागले.

तिच्याकडे घरी मशीन होतं, पण तिच्या आईला तो आवाज सहन व्हायचा नाही. माझ्या बाबांच्या दुकानात गेम आहे हे कळल्यावर ती एका संध्याकाळी आली. हातात कॅसेट. "तुमच्याकडे जो आहे ना, त्याचाच हा तिसरा भाग आहे," ती म्हणाली. "इंग्रजीत आहे. आणि यात खेळ सेव्ह होतो."

सेव्ह होतो म्हटल्यावर पोरं तिच्याकडे देवीसारखं बघायला लागली. कॅसेटमध्ये तीन कप्पे होते, तीन जणांचा खेळ साठवता यायचा. पहिला तिचा. दुसरा तिनं पोरांना मिळून दिला. तिसऱ्यात तिनं माझं नाव टाकलं आणि म्हणाली, "हा तुझा. तुला वाटेल तेव्हा सुरू कर." मी त्या कप्प्याला हात लावला नाही. तिनं दिलेलं मला काही नको होतं.

खेळ सुरू झाला. सुरुवातीलाच गुहा, गुहेत म्हातारा. मी स्टुलावर सरसावून बसले आणि सवयीनं म्हणाले, "बाप सांगतोय, बाळा, पंचमी जवळ आली..."

"बाप?" ती म्हणाली. तिनं ते अगदी साधेपणानं विचारलं. "अगं, हा दुकानदार आहे. म्हणतोय, दिवा विकत घे, बाहेर अंधार आहे."

एक पोरगं फिसकन हसलं. मग दुसरं.

"आणि बहीण?" कुणीतरी विचारलं.

"कुठली बहीण? राजकन्या आहे ती. हा तिला ओळखतही नाही. राजानं सांगितलंय, जो तिला सोडवून आणेल त्याला अर्धं राज्य आणि तिच्याशी लग्न."

दुकानात जो गोंधळ झाला तो मी विसरणार नाही. दोन वर्षं पोरं भाऊ होऊन लढली होती. एक जण तर रिमोट खाली ठेवून उभाच राहिला. "बहिनीसंगं लगीन?" कंडक्टर नेमका त्या वेळी दारात होता. तो म्हणाला, "काहून बोलून राहिलात असं? देवाधर्माची गोष्ट हाय ती." औरंगाबादवाली आळीपाळीनं सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होती. तिला काही कळेना. तिनं फक्त पडद्यावरचं वाचलं होतं.

त्या दिवसापासून दुकान फाटलं. एका बाजूला पहिल्या भागवाले, म्हणजे बहिणीवाले. त्यांचं म्हणणं, तिसऱ्या भागातला माणूसच वेगळा आहे, कंपनीनं पैशासाठी गोष्ट बदलली, खरा मुराळी पहिल्यातलाच. दुसऱ्या बाजूला तिसऱ्या भागवाले, म्हणजे राजकन्यावाले. ते म्हणायचे, पहिल्यापासून ती राजकन्याच होती, आम्हाला इतके दिवस उल्लू बनवलं. हे बोलताना ते माझ्याकडे बघायचे नाहीत. त्यापेक्षा बघितलं असतं तर बरं झालं असतं. कंडक्टर एकटा दुसऱ्या भागाशी इमान राखून होता. तो म्हणायचा, त्यात कोणी काही बोलतच न्हाई, म्हणून भांडनच न्हाई.

हळूहळू बहिणीवाले कमी होत गेले. तिसऱ्या भागात मोठी चित्रं होती, बोलणारी माणसं होती, आणि मुख्य म्हणजे ती होती, पडद्यावरची ओळ उमटली की लगेच मराठीत सांगणारी. ती नीट सांगायची, पदरचं काही घालायची नाही. स्टुलावर बसायची ती नाहीच, उभी राहून सांगायची, पण पोरांची डोकी तिच्याकडे वळायची. मी स्टूल सोडलं नाही. रिकाम्या देवळात पुजारी बसतो तशी बसून राहायची.

एवढ्यावर भागलं असतं तरी मी सोसलं असतं. पण एक दिवस बाबांनी तिला सर्किटचं पुस्तक दिलं. रंगीत टीव्हीबरोबर कंपनीचं इंग्रजी पुस्तक यायचं, ते बाबांना आजवर मी वाचून दाखवायची. अर्धं मला कळायचं, अर्धं मी दडपून सांगायची. बाबा आपल्या अनुभवानं बरोबर दुरुस्ती करायचे, त्यामुळे माझं कधी उघडं पडलं नाही. तिनं एक पान वाचलं आणि अर्थ सांगितला.  "म्हंजे इतके दिस आपन हे उलटंच करून राहिलो व्हतो," बाबा म्हणाले आणि हसले. मग तिला म्हणाले, "शाब्बास बेटा." मला बाबा कधी बेटा म्हणाले नव्हते. मी 'ए पोरी'च होते. त्या रात्री मी जेवले नाही, आणि का जेवले नाही हे घरात कुणी विचारलंही नाही.

दहावी संपली त्या उन्हाळ्यात तिच्या वडिलांची बदली निघाली. परत औरंगाबाद. ती दुकानात आली आणि म्हणाली, "आठ दिवस राहिलेत. माझा शेवटचाच किल्ला उरलाय. रविवारी सगळ्यांसमोर संपवते, म्हणजे तुमचं भांडण तरी मिटेल." सगळ्यांनी ठरवलं, रविवारी दुपारी. कंडक्टरनं ड्यूटी बदलून घ्यायचं कबूल केलं. शुक्रवारपर्यंत गल्लीत दुसरा विषय नव्हता. बहीण की राजकन्या. आणि मला एकच दिसत होतं, रविवारी पडद्यावर राजकन्या येणार, लग्न लागणार, आणि दोन वर्षं मी खोटं सांगितलं हे सगळ्या हिंगोलीसमोर वाचून दाखवलं जाणार. वाचणार तीच. सगळी हिंगोली म्हणजे वीसेक माणसं, पण माझी हिंगोली तेवढीच होती.

शनिवारी दुपारी बाबा कुणाच्या तरी छतावर अँटेना बसवायला गेले. कॅसेट दुकानातच असायची. मी मेकॅनिकची मुलगी, खेळ कुठे साठतो हे मला ठाऊक होतं. कॅसेटच्या आत नाण्याएवढी चपटी बॅटरी असते. ती काढली की आतलं सगळं पुसलं जातं. मी स्क्रू काढले, बाबांची सोल्डरिंगची गन तापवली, बॅटरी सोडवली, शंभर आकडे मोजले आणि पुन्हा बसवली.  

रविवारी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. तिनं कॅसेट लावली. तिन्ही कप्पे रिकामे. तिनं कॅसेट काढली, फुंकर मारली, पुन्हा लावली. रिकामेच. तिचा दीड वर्षाचा खेळ गेला, पोरांचा गेला, आणि तिनं तिसऱ्या कप्प्यात लिहिलेलं माझं नावही गेलं.  मग कंडक्टर म्हणाला, "लाइटीनं केलं. व्होल्टेज लई खालीवर होऊन राहिलं कालपासून." सगळ्यांना ते पटलं. ती रडली नाही. फक्त तिचे कान लाल झाले आणि ती म्हणाली, "असू दे. काही हरकत नाही." मला आनंद होईल असं मी धरून चालले होते.

बाबांनी कॅसेट उघडली. आत पाहिलं. पुन्हा बंद केली. "बॅटरी उतरली," ते म्हणाले. माणसं गेली, संध्याकाळी शटर अर्धं ओढल्यावर ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "डाग लई मोठा मारलास. बॅटरी धरायला एवढं सोल्डर लागत न्हाई." त्यांनी दिवा मालवला. "उद्या जाऊन सांगून ये तिला," ते म्हणाले, आणि तो विषय त्यांनी तिथेच संपवला.

मी गेले. सरकारी क्वार्टरमध्ये सगळीकडे खोकी, सुतळ्या, वर्तमानपत्रात गुंडाळलेली भांडी. तिच्या आईनं पोहे दिले. मी प्रत्येक घासाला म्हणत होते, हा संपला की सांगते. पोहे संपले. ती आत गेली आणि कॅसेट घेऊन आली. बाबांनी सकाळी नवी बॅटरी घालून तिला ती स्वतः नेऊन दिली होती. "ही तू ठेव," ती म्हणाली. "तिकडे गेल्यावर अकरावी, क्लास, मला कोण खेळू देणार? तू संपव, आणि शेवटी ती कोण निघाली ते मला पत्रानं कळव." मी कॅसेट घेतली. म्हणाले, "तुम्ही निघणार कधी, विचारलंय बाबांनी." ती म्हणाली, गुरुवारी. घरी बाबांनी विचारलं, "सांगितलं?" मी म्हणाले, "सांगितलं." "काय म्हनली?" "काही हरकत नाही म्हणाली." हे तरी ती खरंच म्हणाली होती.

पुढचे चार महिने मी तो गेम खेळले. पोरं पांगली होती, कुणी केबलवर क्रिकेट बघायला, कुणी नव्यानं उघडलेल्या कॉम्प्युटर क्लासला. मी डिक्शनरी मांडीवर घेऊन बसायची. एक ओळ उमटली की थांबायचं, शब्द शोधायचे, वहीत लिहायचे. प्रत्येक ओळीला मी तिची चूक शोधत होते. एक सापडली नाही. म्हातारा खरंच दुकानदार होता. राजानं खरंच दवंडी दिली होती. दीड वर्षात तिनं एक शब्द वाकडा सांगितला नव्हता, आणि हे कळायला मला चार महिने लागले, म्हणून मी तिच्यावर आणखी जळले.

शेवटच्या किल्ल्यातला राक्षस एका दुपारी पडला. राजकन्या बाहेर आली. राजा आला, लग्नाची तयारी, वाजंत्री. मग तो दिवेवाला दुकानदार पुढे आला आणि बोलायला लागला. मी वही उघडली. दुसऱ्याच ओळीत सिस्टर हा शब्द होता. तो शोधायला डिक्शनरी लागली नाही. बाकीच्या ओळी मी तीनदा तपासल्या. पूर आला तेव्हा राजाच्या दारात एक पोर वाहून आलं आणि एक पोर डोंगरापलीकडे गेलं. ही तुझी बहीण आहे. लग्न मोडलं. शेवटच्या चित्रात दोघं त्याच रानातून चालत घराकडे निघाली होती.

मी ओरडले, "बहीण आहे! बहीणच आहे!" दुकानात बाबा नव्हते, कंडक्टर होता, चहाचा ग्लास घेऊन. त्यानं पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "व्हय का? बरं झालं," तो म्हणाला. मग डोळा मिचकावून म्हणाला, "आता ती पोरगी गेल्यावर कोन हाय इचारायला?" मी त्याला ओळ दाखवली, शब्दावर बोट ठेवलं. तो म्हणाला, "मला काय त्यातलं कळतं बाई, तू म्हनतीस तर बहीन." जिच्या एकीच्या वाचण्यावर सगळ्यांचा विश्वास होता, तिनं वाचून दाखवायचा शेवट मी स्वतःच्या हातानं पुसला होता.

मी तिला पत्र लिहिलं. चार पानांचं. इंग्रजी ओळी जशाच्या तशा उतरवल्या, खाली अर्थ लिहिला. आयुष्यात इतकं खरं मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं.

पंधरा दिवसांनी तिचं उत्तर आलं. तिनं लिहिलं होतं, "पत्र वाचून इतकी हसले की आई बघायला आली. इंग्रजी ओळी सुद्धा रचल्यास, कमाल आहे तुझी! मला माहीतच होतं तू शेवटी बहीणच काढणार. म्हणून तर कॅसेट तुला दिली. खरा शेवट काय असेल तो असो, मला तुझाच हवा होता. तू सांगायला लागलीस की सगळे कसे ऐकायचे. मला काय, नुसतं वाचता येतं."

मी ते पत्र घेऊन दुकानाच्या मागे जाऊन बसले. राग कुणाचा आला तेही कळेना. मी बरोबर होते. पहिल्यांदा मी खरी बरोबर होते, आणि तिला ते माझं कौतुक करण्यासारखं खोटं वाटत होतं. आता इंटरनेटवर तो शेवट कुणालाही पाहता येतो. जगभरची माणसं त्यावरून भांडतात, कुणी म्हणतं त्या एका वळणासाठी तिसरा भाग सगळ्यांत थोर, कुणी म्हणतं बहीण काढून सगळी मालिका बुडवली. त्या वेळी माझ्याजवळ एक वही होती आणि माझा शब्द.

माझ्या शब्दावर तिनं विश्वास ठेवावा असं एकच करता येण्यासारखं होतं. बॅटरीचं सांगायचं. जी मुलगी असलं काही स्वतःहून कबूल करते ती शेवटाबद्दल कशाला खोटं बोलेल? मी लिहायला बसले. 'खरं सांगायचं तर' एवढं लिहिलं आणि थांबले. मग ते पत्रातलं वाक्य पुन्हा वाचलं, तू सांगायला लागलीस की सगळे कसे ऐकायचे. खरं सांगितलं तर मी जिंकत होते, पण हे वाक्य तिनं परत घेतलं असतं. मी तो कागद फाडला आणि नव्या कागदावर लिहिलं, हो, शेवट मीच रचला, राजकन्येचं लग्न झालं होतं, पण मला ते आवडलं नाही. खाली सही केली.

त्यावरही तिचं उत्तर आलं, भरभरून कौतुकाचं. ते मी एकदाच वाचलं.